आईचा जुना नंबर

१

मनालीच्या बाळंतपणासाठी मी नेदरलँड्सला जाणार हे ठरलं, तेव्हा सोनिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला दोनच प्रश्न विचारले गेले. डिंकाचे लाडू किती किलो नेणार, आणि सिमकार्डाचं काय करणार. लाडवांचं उत्तर माझ्याकडे होतं. सिमकार्डाबद्दल मात्र ज्याला त्याला मत होतं, आणि त्यातले निम्मे कधी विमानात बसलेले नव्हते.

मी स्वतः अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. आधी परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होते, बोर्ड गेल्यावर लाइन तपासणीच्या टेबलावर. कानाला हेडफोन लावायचा आणि दोष कुठे आहे ते सांगायचं: एक्सचेंजमध्ये, खांबावर, की ग्राहकाच्या घरात. पंधरा-वीस वर्षं हे केलं की समोरचा काही न बोलताही तो कसल्या खोलीत उभा आहे ते कळायला लागतं. पत्र्याची खोली वेगळी ऐकू येते, स्लॅबची वेगळी. यात जादू काही नाही, कानाची सवय आहे. भूतखेत आमच्या घरात कधी मानलं नाही. माझे यजमान हरिचंद्र गेले तेव्हासुद्धा तेराव्याची कोणी गोष्ट काढली नाही.

सिम घ्यायला मी उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात परमानंदच्या दुकानात गेले. दुबई, बँकॉक, बाकू, सगळीकडची सिमं त्याच्याकडे बिस्किटाच्या पुड्यांसारखी टांगलेली असतात.

"दीदी, तीन रस्ते हैं," तो म्हणाला. "एक, आपका जो नंबर है उसी पे रोमिंग पॅक. महँगा. दो, उधर उतर के लेना. लाइन में खडे रहो, ऊपर से भाषा का लफडा. तीन, ये. इधर से लेके जाओ, उधर डालो, चालू. डेटा भी है, इंडिया के पाँच सौ मिनट भी."

"और मेरा पुराना नंबर?"

"वो पुराने फोन में घर पे छोड दो ना. ओटीपी तो उसी पे आएगा. बाजूवाली को चाबी देके जाओ, वो पढ के बता देगी. इधर सब ऐसाच करते."

ते खरंच होतं. ज्यांची मुलं बाहेर आहेत असे तीन फ्लॅट आमच्याच बिल्डिंगमध्ये बंद आहेत. आत माणूस नाही, फळीवर एक जुना फोन तेवढा जिवंत. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. जावयाने, अनीशने, नवा फोन आधीच पाठवला होता. नव्या फोनात नवं सिम, जुन्या फोनात जुनं. व्हॉट्सॲपही नव्यावर नव्याने सुरू करायचं. मी तिसरा रस्ता घेतला.

२

निघायच्या दिवशी घर नीट बंद केलं. गॅस बंद. फ्रिज रिकामा करून, पुसून बंद केला आणि कुबट वास येऊ नये म्हणून दाराच्या फटीत दुमडलेला नॅपकिन घातला. पंखे बंद. जुना फोन हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला, शेजारी त्याचा चार्जर.

किल्ली समोरच्या फ्लॅटमधल्या किर्तीला दिली. किर्ती डोंबिवलीला एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर बसते. दर तीन दिवसांनी यायचं, फोन चार्ज करायचा, ओटीपी आला असेल तर कळवायचा, एवढंच तिचं काम.

"म्हणजे काकू, तुम्ही आता उंटावरून शेळ्या हाकणार," ती हसून म्हणाली.

मनालीचं घर आइंडहोवनमध्ये आहे. घर कसलं, उभा डबा. खाली स्वयंपाकघर, मधल्या मजल्यावर ती दोघं, अगदी वर उतरत्या छपराखाली माझी खोली. जिना इतका चढा की माझ्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी निषेध नोंदवला. खिडक्यांना दुहेरी काच, जमिनीला गालिचा. बाहेरचं काही आत येत नाही आणि आतलं काही वाजत नाही. इतकी शांतता मला सोसत नाही. आयुष्यभर कानात काहीतरी चालू असायची सवय.

मनालीला नववा सरत आला होता. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि अनीशने माझ्या फोनची ती बारीक पिन घालायची खिडकी उघडली. सिम बसवलं, सेटिंगमध्ये जाऊन काही अक्षरं भरली, फोन बंद करून चालू केला. रेंजच्या चार कांड्या आल्या.

"झालं, आई. बघा लागतोय का."

नवीन लाइन जोडली की आधी आपल्याच नंबरवर रिंग द्यायची, ही खात्यातली पद्धत. आमचे लाइनमन खांबावरून उतरायच्या आधी हेच करायचे. मीही हात सवयीने जातो तसा माझाच जुना नंबर लावला. पलीकडे रिंग गेली. टोन स्वच्छ होता. चार रिंगा झाल्या, मी आता ठेवणारच होते, आणि फोन उचलला गेला.

"किर्ती?" मी म्हटलं.

कोणी बोललं नाही. पण लाइन मेलेली नव्हती. मेलेली लाइन सपाट असते. ही खोली होती. स्लॅबची, फार सामान नसलेली. लांब कुठेतरी पाण्याच्या टँकरची मोटर चालली होती. दहाएक सेकंद मी ऐकत राहिले. तो माझा हॉल होता.

मी किर्तीला मेसेज केला. तासाभराने उत्तर आलं. "काकू मी कर्जतला माहेरी आलेय, उद्या दुपारनंतर परत. पोचलात ना नीट?"

३

आपोआप फोन उचलायची सोय काही फोनांत असते. माझ्या जुन्या फोनात ती चुकून चालू झाली असणार, असं मी ठरवलं. ठरवल्यावर बरं वाटलं. मनालीला काही बोलले नाही. नवव्या महिन्यातल्या बाईला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं तपासणीला गेली. घरात मी एकटी. सोनिवलीत दुपारचे अडीच वाजले असणार, किर्ती अजून कर्जतहून निघालीही नसेल. मी जिन्याच्या पायरीवर बसले, इअरफोन कानात घातले आणि पुन्हा नंबर लावला. दोष शोधताना एक गोष्ट आम्ही कधी करत नसू: एकदाच ऐकून निदान.

तिसऱ्या रिंगला उचलला गेला.

या वेळी मी बोलले नाही. आधी काही नव्हतं. मग एक खालच्या सुरातली घरघर सुरू झाली, मध्ये एकदा अडखळून पुढे गेली. माझ्या फ्रिजचा काँप्रेसर सुरू होताना असाच अडखळतो. बावीस वर्षांचा आहे, त्याला तेवढी मुभा आहे. पण तो बंद होता. नॅपकिन मी माझ्या हाताने घातला होता.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आमच्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीचं एका पायाचं रबर निघालंय, ती फरशीवर किंचाळते. मला फोन आला की मी तीच ओढून बसते, कारण ती फळीजवळ असते. खुर्ची किंचाळली, कोणीतरी बसलं, आणि घसा साफ केला.

घसा मी कसा साफ करते हे मला माहीत आहे. अडतीस वर्षं स्वतःच्याच हेडफोनमध्ये ऐकलंय.

"बोला," पलीकडून आलं.

लांबच्या लाइनवर आपला आवाज उलट फिरून येतो, हे कोणत्याही ऑपरेटरला विचारा. पण त्यासाठी आधी आपण बोलावं लागतं. मी तोंड उघडलेलं नव्हतं.

"राँग नंबर," तो आवाज म्हणाला. चिडून नाही, माझ्या ड्यूटीच्या स्वरात. आणि फोन ठेवला.

४

किर्तीला मी दोन दिवस सारखा फोन लावत होते. तिसऱ्या दिवशी तिने उचलला.

"किर्ती, अगं एक काम कर. आत जा, तो फोन बंद कर आणि सिम काढून तुझ्याकडे ठेव."

 "आपण कोण बोलताय?" ती म्हणाली.

"अगं, माधवीकाकू."

"काकूंचा नंबर आहे माझ्याकडे."

"हा इकडचा नंबर. यावरूनच नाही का मेसेज केला तुला परवा?"

"हो, तेच." तिचा आवाज शिकवून ठेवल्यासारखा झाला. "काकूंचा काल फोन आला होता मला. त्यांच्या नेहमीच्या नंबरवरून. त्या म्हणाल्या, बाहेरच्या नंबरवरून कोणी माझ्या नावाने बोलेल, लक्ष देऊ नकोस. हल्ली आवाज काढतात म्हणे लोक, सेम टू सेम. आमच्या क्लिनिकच्या मॅडमना पण असाच आलेला, मुलाच्या आवाजात."

"किर्ती, व्हिडिओ लाव. तोंड बघ माझं."

"व्हिडिओ पण बनवतात, मॅडम."

मॅडम. चार वर्षं रोज सकाळी माझ्याकडून कढीपत्ता मागणारी मुलगी. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर ती शहाण्यासारखं वागत होती. ओळखीच्या नंबरवर विश्वास ठेवायचा, अनोळखीवर नाही, हे मीच बिल्डिंगच्या मीटिंगला सगळ्यांना उभं राहून सांगितलं होतं.

"बरं, एवढंच सांग," मी म्हटलं. "तू आत गेली होतीस? फोनला चार्जिंग किती आहे?"

"मी कशाला जाऊ?" ती म्हणाली. "काकू म्हणाल्या, यायची गरज नाही. किल्ली दाराच्या फटीतून आत सरकव. मी सरकवली."

त्यानंतर तिने माझा नंबर ब्लॉक केला. माझ्याकडे दुसरी किल्ली होती, पर्समध्ये, सात हजार किलोमीटरवर.

सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करावा असं एकदा वाटलं. काय सांगणार होते? माझ्या घरात मी आहे, जरा बघून या? मी तो नंबर पुन्हा लावायचा नाही असं ठरवलं. दोष आपोआप जात नाही हे मला ठाऊक होतं, तरी ठरवलं. बाळ कधीही येणार होतं आणि माझं लक्ष तिथे असायला हवं होतं.

५

मुलगी झाली. अकरा तास लागले. तिथल्या पद्धतीप्रमाणे खोलीत एकालाच थांबता येतं असं अनीशने सांगितलं, तो थांबला. मी घरी मेथीची खीर आटवत बसले आणि फोनकडे बघत राहिले. एकदाही वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी मनाली घरी आली. चेहरा उतरलेला, पण डोळे चमकत होते. तिने माझा हात धरला. लहानपणानंतर तिने असा हात धरल्याचं मला आठवत नाही.

"आई, तू फोनवर होतीस म्हणून निभावलं. नाहीतर मी मेलेच असते."

मी तिच्याकडे बघितलं.

"अकरा तास तू एकदाही ठेवला नाहीस. मी ओरडत होते तरी बोलत राहिलीस. मला माहीत नव्हतं तू अशी बोलू शकतेस."

इथे मला सांगता आलं असतं. मी नव्हते, मी खीर करत होते, तो फोन उचलू नकोस. चार शब्दांचं काम होतं. पण तिने माझा हात धरला होता. मनाली लहान असताना मी दिवसाआड दुसऱ्या पाळीला असायचे. तिची पहिली पाळी, तिचा दहावीचा निकाल, तिचं पहिलं रडणं, सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं. ती मला आई म्हणायची आणि वागायची मात्र शेजारच्या मावशीशी वागावं तशी, नीट, जपून. आणि आता ती असं बघत होती.

"अगं, त्यात काय एवढं," मी म्हटलं.

"पण जुन्या नंबरवरून कसा केलास? तो फोन तर तू घरी ठेवलायस ना?"

"असेल काहीतरी सेटिंग."

 ती हात सोडून बाळाकडे वळली.

६

पुढचे तीन आठवडे मी बाळाला न्हाऊ घातलं, शेक दिला, लाडू खाऊ घातले. दुपारी मनाली बाळाला घेऊन झोपायची आणि मी वर जायचे. चौथ्या आठवड्यात एकदा पाणी प्यायला खाली उतरताना तिच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. दार लोटलेलं होतं.

"हो आई... हो... झोपलीये ती. नाही गं, दूध पुरतंय... तू जेवलीस का?"

मी भिंतीला धरून उभी राहिले. फोनमधलं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त त्याची लय. मध्येच थांबायची, मनाली हसायची. माझ्या बोलण्यावर मनाली हसल्याचं मला आठवेना. मला भीती वाटायला हवी होती. मला मत्सर वाटला. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुनांसाठी वापरली होती.

मी दार ढकललं. मनालीने फोन उशीखाली सरकवला.

"कोणाशी बोलत होतीस?"

"किर्तीशी."

"आई म्हणालीस."

बाळाला तिने थोडं जवळ ओढून घेतलं, माझ्यापासून दूर, भिंतीच्या बाजूला. हे तिने मुद्दाम केलं नसावं. हात आपोआप गेला असावा.

"मनाली, तो फोन आपल्या घरात आहे आणि घराला कुलूप आहे. तिथे कोणी नाही."

"तिला विचारलं मी," ती हळू म्हणाली. "ती म्हणाली, तू असंच म्हणशील."

"आणि मी कोण?"

"ते ती सांगत नाही. एवढंच म्हणते की तू तिच्यासारखीच दिसतेस, आणि मी तुझ्याशी भांडू नये." मग तिने अचानक विचारलं, "मला गोवर आला होता तेव्हा तू कुठलं गाणं म्हणायचीस?"

मी खरं तेच बोलले. दुसरं काही मला सुचलं नाही. "मी नाही म्हणायचे. माझी ड्यूटी होती. तुझे बाबा होते तुझ्याजवळ."

"तिने म्हणून दाखवलं," मनाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सगळं. चार कडवी. माझ्या कपाळावर ओला रुमाल ठेवून म्हणायचीस. मला आठवलं, आई. म्हणजे, मला आठवलं."

आमच्या घरात असं गाणं कोणी कधी म्हटलं नाही. हे मी शपथेवर सांगू शकते. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मला ते पुन्हा म्हणता आलं नाही.

संध्याकाळी अनीश वर माझ्या खोलीत आला. छपराला डोकं लागू नये म्हणून तो वाकून उभा होता.

"आई, मनालीला सध्या फार ताण आहे. बाळंतपणानंतर होतं असं, डॉक्टर म्हणाल्या. तुम्ही बाळाला घेतलं की तिला धडधडतं. मी... तिकीट अलीकडचं करू का?"

"तुम्हाला काय वाटतं अनीश? मी कोण आहे?"

"असं काय बोलता, आई," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला. त्याच्या हातातल्या फोनवर एक मिस्ड कॉल होता. नाव मला वाचता आलं, माझंच होतं.

७

विमानात मी शांतपणे विचार केला. दोन माणसं एकाच नावाने बोलत असतील तर त्यातलं एक खोटं, इथवर ठीक. पण खोटं कोणतं हे ठरवायची आमच्या टेबलावरची पद्धत एकच होती: जुनी जोडणी खरी धरायची, नवी तपासायची. नवी मी होते. महिनाभरापूर्वीचा नंबर, कोणाच्या फोनात साठवलेला नाही, किर्तीने ब्लॉक केलेला. मुंबईत पासपोर्ट तपासणाऱ्या मुलीने फोटो बघितला, मला बघितलं आणि शिक्का मारला. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

टॅक्सीने सोनिवलीत पोचायला सकाळचे अकरा वाजले. वॉचमन गेटवर नव्हता. लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यापर्यंत मी बॅग एकेक पायरी वर ओढली. जिन्यात फोडणीचा वास होता, कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. सगळं मी सोडून गेले तसंच होतं.

दाराबाहेरची फरशी पुसलेली होती. ओली होती अजून.

मी किल्ली काढली आणि कुलपात घातली. फिरवली नाही, कारण तेवढ्यात आतून बोलण्याचा आवाज आला. दाराशी कान न्यायची गरज नव्हती. फोन स्पीकरवर होता. बाळ कुरकुरत होतं, आणि मनाली त्याला थोपटत होती. थोपटण्याचा तो आवाज मी चार आठवडे ऐकला होता. तिकडे आता साडेसात झाले असणार, सकाळचं दूध पाजायची वेळ.

"...मग तिला पोटावर झोपव थोडं," आतून माझा आवाज सांगत होता. "ढेकर निघेल. घाई करू नकोस. मी आहे ना."

मी असं कधी कोणाला म्हटलं नाही. मला तसं म्हणता येत नाही. पण म्हणता आलं असतं तर याच आवाजात म्हटलं असतं.

समोरचं दार साखळीपुरतं उघडलं. फटीत किर्तीचा अर्धा चेहरा दिसला. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या बंद दाराकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. तिने दार लावून घेतलं, अगदी हळू, आवाज होऊ न देता.

माझ्या हातून किल्ल्यांचा जुडगा कुलपावर आपटला.

आत बोलणं थांबलं. खुर्ची फरशीवर किंचाळली. पावलं दाराकडे आली, चपलेशिवाय, टाच थोडी घासत. आयहोलमधून उजेडाचा ठिपका दिसत होता, तो गेला.

"थांब हं मनाली," आतली दाराच्या अगदी मागून म्हणाली. "दाराशी कोणीतरी आलंय."

स्पीकरवर थोपटणं थांबलं.

"ती आहे का?" मनालीने विचारलं.

आतल्या आवाजात आणि माझ्यात दीड इंच लाकूड होतं. पलीकडचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो माझ्याच श्वासाबरोबर चालला होता. मी माझा रोखून धरला. पलीकडचाही थांबला.

मी मनालीला हाक मारायला तोंड उघडलं. एवढ्या जवळून तिला ऐकू गेलं असतं. दोन आवाज तिला एकदम ऐकू आले असते आणि मग तिला निवडावं लागलं असतं. मला ते नको होतं. तिने कोणाला निवडलं असतं ते मला माहीत होतं.

ती सहा वर्षांची होती तेव्हा मी दुसऱ्या पाळीला निघाले की चपला लपवायची, आणि त्या सापडल्या की माझ्या पदराला धरून, रडू दाबून, एकच वाक्य म्हणायची. आई, जाऊ नकोस. अगदी त्याच आवाजात ती आता सात हजार किलोमीटरवरून बोलली.

"आई, दार उघडू नकोस."

तेव्हा तिचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी किल्ली कुलपातून काढून घेतली.